स्पिंडलपासून मोटरकडे

जुना लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत टूलनं कापणारं मशीन, चालू करायचा म्हटलं की बहुतेक जण आधी मोटर आणतात. मोटर बसली, पट्टा चढला, बटण दाबलं आणि जॉब (कापायचा तुकडा) धरणारा चक फिरला की काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. मग जॉबवर लाटा उठायला लागतात, पट्टा सारखा एका अंगाला उतरतो, चक फिरवणारा दांडा, म्हणजे स्पिंडल, ज्यात असतो तो हेडस्टॉक हात लावू देत नाही इतका तापतो. शेवटी मशीनच झिजलंय म्हणून भंगारवाल्याला फोन जातो. असे चांगले लेथ तोलावर विकले गेलेले मी पाहिलेत आणि दर वेळी जीव हळहळलाय. कारण दोष बहुतेकदा लेथचा नसतो, जुळवणी उलट्या टोकाकडून झालेली असते. ताकद मोटरकडून स्पिंडलकडे जाते हे खरं. जुळवणी मात्र स्पिंडलकडून मोटरकडे करत यायची. जॉब काय येणार, त्याला किती फेरे लागणार, स्पिंडल ज्यांत फिरतो ते बुश किती ओढ सोसणार, तेवढाच पट्ट्याचा ताण आणि त्या पट्ट्याला पुरेल एवढीच मोटर.

माझ्याकडचा लेथ सांगलीत मारुती चौकाच्या पलीकडच्या एका लहानशा वर्कशॉपातला. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा तो अख्खा पाण्याखाली होता. पाणी ओसरल्यावर मालकांनी लेथचा पाया असलेल्या बेडवरचा गाळ धुऊन ताबडतोब तेल फासलं, म्हणून बेड वाचला. बाकी चालवणीचं सगळं गेलं होतं. मोटरचं वाइंडिंग बसलं, चामडी पट्टा फुगून वाळला आणि वाळून तडकला, मोटर आणि स्पिंडल यांच्या मधल्या काउंटरशाफ्टच्या बुशांत कृष्णेची बारीक माती जाऊन बसली. मालकांनी धंदा आवरता घेतला आणि लेथ माझ्या कुपवाडच्या शेडमध्ये आला. कंपनीची प्लेट त्यावर नाही, ती ठोकलेली दोन भोकं तेवढी आहेत. वेग बदलायला तीन पायऱ्यांची कोन पुली, मागे वेग उतरवणारा बॅक गिअर, आटे पाडायला इंचाला चार आट्यांचा लीड स्क्रू, स्पिंडल गनमेटलच्या दुभंगी बुशांत आणि त्याच्या नाकावर चकासाठी आटे.

अशा घडणीचा लेथ कोणत्या काळातला, हे त्याच्या पुलीवरूनच कळतं. तेव्हा प्रत्येक मशीनला वेगळी मोटर नसायची. कोपऱ्यात एकच ऑइल इंजिन, छताखालून आडवा गेलेला लांबलचक लाइनशाफ्ट, त्यावरून काउंटरशाफ्टला आणि तिथून खाली मशीनला पट्टा. आपल्या भागाला हे नवं नव्हतं. कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली, तिकडे सातारा रोड या गावी १९२२ मध्ये कूपर यांचा कारखाना आला. नांगर, इंजिन, पंप हे सगळं या भागात घडू लागलं आणि त्याबरोबर टर्नर-फिटरांच्या पिढ्या तयार झाल्या. पुढे १९४१ मध्ये हरिहरला मैसूर किर्लोस्कर सुरू झाली, तिचे लेथ आजही सांगली-मिरजेच्या कितीतरी वर्कशॉपांत चालतात. कुपवाडच्या एमआयडीसीत आज संगणकावर चालणारी सीएनसी मशीनं रांगेनं उभी आहेत. पण उसाच्या चरकाचा झिजलेला शाफ्ट घेऊन शेतकरी येतो तेव्हा तो एकट्या जॉबसाठी सीएनसीच्या दारात जात नाही. तो असल्या लेथकडेच येतो.

माझ्या शेजारी एक तात्या राहतात. उभं आयुष्य लेथवर गेलेलं, आता ऐंशीच्या पुढे आहेत. लेथ आला त्या दिवशी काठी टेकत आले, कोन पुलीवरून तळवा फिरवला आणि म्हणाले, “मोटर ऱ्हाऊ दे लेका. आधी स्पिंडल हलतंय का बघ.”

म्हणून सुरुवात बुशांपासून. हेडस्टॉकवर बारीक हालचाल मोजणारा डायल बसवला, त्याचं टोक चकाच्या मागे स्पिंडलच्या कॉलरवर टेकवलं, चकाखाली लाकडी दांडा घालून हलकेच उचललं. काटा तीन थाउ हलला (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाउ). एवढी ढिलाई म्हणजे टूल जॉबला टेकलं की स्पिंडल उसळणार. दुभंगी बुशाच्या फटीत पितळी पत्र्याच्या शिम असतात, त्यातली एकेक पातळ शिम दोन्ही बाजूंनी सारखी काढायची. एकाच बाजूची काढली तर टोपी तिरकी बसते आणि बुश एका कडेवर घासतो. शिम काढून टोपी आवळली, पुन्हा दांड्यानं उचललं. आता काटा दीड थाउ. त्याहून कमी करायचा मोह मी आवरला, कारण तेलाच्या थराला जागा लागते. ही जागा मिटवली तर पहिल्या तासाभरात बुश धरतो. मग तेलाच्या वाट्यांतल्या लोकरीच्या वाती बदलल्या, पातळ स्पिंडल ऑइल भरलं आणि चक हातानं फिरवून सोडला. तो स्वतःच्या वजनानं थोडा फिरत राहिला आणि कुठंही न अडता थांबला. पुढचं सगळं या बुशांच्या बेतानं करायचं होतं.

बेडची लेव्हल हा वेगळा विषय आहे, इथं एवढंच. चार पायांखाली पॅकिंग घालून बेडचा पीळ काढल्याशिवाय पट्ट्याला हात लावू नये. बेड पिळलेला असेल तर हेडस्टॉकची दिशा फिरते, आणि वाकड्या हेडस्टॉकला सरळ जुळवलेला काउंटरशाफ्ट बेड सुधारल्यावर पुन्हा वाकडा होतो.

नंतरचं काम कागदावरचं. माझ्याकडे कामं येणार ती चरकाचे शाफ्ट, पंपांचे बुश, ट्रॅक्टरच्या पिना. साध्या पोलादाला एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलनं मिनिटाला साधारण २५ मीटरचा वेग झेपतो. शंभर मिलिमीटरच्या शाफ्टला म्हणजे मिनिटाला ऐंशीच्या आसपास फेरे, पंचवीस मिलिमीटरच्या पिनेला तीनशेच्या वर. वेल्डिंगनं भरून आणलेला शाफ्ट असेल तर त्याहूनही सावकाश. कोन पुलीच्या पायऱ्या माझ्याकडे चार, पाच आणि सहा इंचांच्या, वर काउंटरशाफ्टवर त्याच उलट्या. दोन्हीकडच्या जोडीची बेरीज प्रत्येक पायरीवर दहाच येते, म्हणून एकच पट्टा तिन्ही ठिकाणी बसतो. अगदी काटेकोर म्हटलं तर उघड्या पट्ट्याला कडेच्या पायऱ्यांवर किंचित जास्त लांबी लागते, पण दोन शाफ्टमध्ये चाळीस इंच अंतर असताना तो फरक केसाएवढा.

मोटर १४४० फेऱ्यांची, दोन हॉर्सपॉवरची. तिच्यावर तीन इंची पुली आणि काउंटरशाफ्टवर बारा इंची, म्हणजे काउंटरशाफ्ट ३६० वर. त्यापुढे स्पिंडलला मिळतात ५४०, ३६० आणि २४०. माझा बॅक गिअर सहापट वेग कमी करतो, त्यामुळे खाली ९०, ६० आणि ४०. माझ्या कामाची सगळी वर्दळ या सहा आकड्यांत बसते.

इथं एक गोष्ट मला आवर्जून सांगायचीय, कारण इथंच जुने लेथ नासवले जातात. मला मोठेच जॉब करायचे आहेत, मग काउंटरशाफ्ट शंभरावरच ठेवू, बॅक गिअरची कटकटच नको, असं काहींना वाटतं. पण पट्टा जी ताकद नेतो ती ओढ गुणिले वेग असते. पट्ट्याचा वेग निम्मा केला तर तीच ताकद नेण्यासाठी ओढ दुप्पट लागते. ती मिळवायला पट्टा करकचून ताणायचा, आणि तो सगळा ताण सरळ जाऊन बसतो त्या दीड थाउच्या बुशांवर. म्हणून पट्टा जोरात पळू द्यावा आणि वेग त्याच्यानंतर, बॅक गिअरनं उतरवावा. हा लेथ ज्यानं घडवला त्यानं ते गिअर यासाठीच मागे दिलेत.

मोटर ते काउंटरशाफ्ट मी व्ही बेल्ट लावले. तिथं वेग मोठा, अंतर कमी आणि एका बाजूला जेमतेम तीन इंची पुली. फ्लॅट पट्टा एवढ्याशा पुलीला पुरेसा विळखा घालू शकत नाही. व्ही बेल्टची पकड त्याच्या दोन्ही उतरत्या बाजूंवर असते. पुलीची खाच झिजून बेल्ट तळाला टेकला की कितीही ताणा, तो घसरणारच. जुनी पुली घेताना म्हणून खाचेचा तळ बघावा. तो चकचकीत दिसला तर पुली परत द्यावी. मोटर बिजागरीच्या पाटावर ठेवली, तिच्या वजनानंच बेल्ट ताणलेले राहतात.

काउंटरशाफ्ट ते स्पिंडल मात्र फ्लॅट पट्टाच. यावर मला बऱ्याच जणांनी सल्ले दिले. पुल्या काढून टाका, मोटरचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह लावा, बटणावर वेग बदला. ड्राइव्ह वाईट नाही, नव्या मशीनवर तो शोभतो. पण हा स्पिंडल, हे बुश, ही कोन पुली यांची घडण फ्लॅट पट्ट्याच्या मापानं झालेली आहे आणि त्या घडणीत एक शहाणपण आहे. त्याकडे पुढे येतो.

आधी काउंटरशाफ्ट स्पिंडलला समांतर करायचा. वरून ओळंबा सोडला, शाफ्टच्या दोन्ही टोकांपासून स्पिंडलच्या रेषेपर्यंत मापं घेतली, शाफ्टवर लेव्हल ठेवली, मग वरच्या आणि खालच्या पायरीच्या कडेला दोरा ताणून पाहिला. दोरा चारही ठिकाणी कडेला टेकला पाहिजे. वरच्या ब्रॅकेटखाली थोडं पॅकिंग घालावं लागलं, तेवढ्यावर भागलं.

आता कोन पुलीची पायरी नीट पाहिली तर ती सपाट नसते, मधे किंचित फुगीर असते. बोटाला लागेल न लागेल एवढाच फुगवटा. मला शिकायच्या काळात हे कोडं वाटायचं. फुगीर पुलीवरून पट्टा घसरून खाली पडायला हवा, तो उलट उंचावर चढून मधोमध बसतो कसा? तात्यांनी तेव्हा लाकडी बेलनावर कापडी फीत फिरवून दाखवलं होतं. पट्टा उतारावर असला की त्याची उंचाकडची कड मोठ्या घेराला लागते आणि जास्त वेगानं ओढली जाते. त्यामुळे येणारा पट्टा आपल्या पातळीतच थोडा वाकतो, तोंड उंचाकडे करतो. पुढचा तुकडा पुलीला टेकतो तो आधीच्यापेक्षा जरा वर. असं करत करत तो माथ्यावर पोचतो आणि तिथं दोन्ही कडांची ओढ सारखी झाली की थांबतो. म्हणूनच पट्टा पुलीकडे येताना सरळ यायला हवा. पुलीवरून सुटून जाताना थोडा तिरका गेला तरी चालतं. पट्टा उतरू नये म्हणून कडेला लोखंडी पट्टी किंवा बेअरिंग ठोकून ठेवलेलं दिसतं ना, ते दुखणं झाकणं झालं. त्यानं पट्ट्याची कड खाल्ली जाते आणि शाफ्ट वाकडाच राहतो.

पट्टा कोणता घ्यायचा यावर मी बराच फिरलो. पिठाच्या गिरणीचा रबर-कॅनव्हासचा पट्टा सांगलीत कुठल्याही दुकानात मिळतो, पण चार इंची पायरीला तो ताठ पडतो, वळताना कुरकुरतो. आतून क्रोम चामडं आणि गाभ्यात नायलॉन असे पट्टेही चांगले. मला जुन्या साठ्यातला दोन इंची पातळ चामडी पट्टा मिळाला आणि तोच मी घेतला. चामड्याची गुळगुळीत बाजू पुलीकडे ठेवायची. खरखरीत बाजू जास्त धरेल असं मनाला वाटतं, पण गुळगुळीत बाजू पुलीला सगळीकडून चिकटून बसते आणि पकड तिथंच मिळते. लांबी टेप फिरवून मोजायची आणि फुटामागे एक सूत (इंचाचा आठवा भाग) कमी कापायचं. माझ्या आठ फुटांच्या पट्ट्याला एक इंच कमी केला.

जोड वादीनं शिवला. स्टीलच्या नखांचे फासनर झटपट बसतात, पण पुलीवरून जाताना प्रत्येक फेऱ्याला टक्‌ करतात आणि बारीक फिनिशिंगच्या वेळी ती टकटक जॉबवर उमटते. तात्या स्टुलावर बसून सांगत होते, मी भोकं पाडत होतो. दोन्ही टोकं गुण्या लावून काटकोनात कापलेली, भोकं कडेपासून सारख्या अंतरावर, दोन ओळींत, एकाआड एक. वादी आतल्या अंगानं, म्हणजे पुलीकडून, सरळ पट्ट्याच्या चालीनं जाऊ द्यायची, तिचे फुलीसारखे आडवे-तिडवे वेढे बाहेरच्या अंगाला काढायचे. आतून फुली आली तर पुलीवर घासून वादी आठ दिवसांत तुटते. शेवटचं टोक एका बारीक चिरेतून ओढून घ्यायचं, गाठ मारायची नाही. शिवून झाल्यावर तात्यांनी जोडावरून अंगठा फिरवला, लाकडी हातोडीनं दोन हलके ठोके दिले आणि मान डोलावली.

ताण किती, याला आकडा सांगता येतो, पण मी हातानंच बघतो. पट्ट्याच्या मधल्या भागावर तळव्यानं दाबलं तर तो मोकळेपणी दबला पाहिजे, आणि चकाला हातानं जोर लावून धरलं तर स्पिंडलबरोबर काउंटरशाफ्टही ओढला गेला पाहिजे. पट्टा घसरतो म्हणून त्यावर राळ टाकायची सवय कुठं कुठं दिसते. राळेनं त्या दिवसापुरती पकड येते, मग पट्ट्यावर काचेसारखा थर चढतो आणि तो आधीपेक्षा जास्त घसरतो. चामड्याला थोडं एरंडेल चोळावं, ते मऊ राहतं आणि मऊ चामडंच धरतं.

बॅक गिअर साधे आहेत, एकच नियम पाळायचा. कोन पुलीला मोठ्या गिअरशी जोडणारी पिन बाहेर ओढल्याशिवाय मागचा शाफ्ट दात्यांत आणायचा नाही. दोन्ही एकदम लागले तर स्पिंडल कुलूप लावल्यासारखा बसतो. चक काढण्यासाठी काही जण मुद्दाम तसं करतात आणि झटक्यात बिडाचा दाता उडवतात. बिडाचा तुटलेला दाता परत आणणं सोपं नसतं.

आटे पाडताना लीड स्क्रू फिरवणाऱ्या चेंज गिअरांमध्ये मोकळीक किती ठेवायची, त्याला तात्यांची पद्धत वर्तमानपत्राची. दोन गिअरांच्या मधे कागदाची पट्टी घालायची, गिअर दाबून बोल्ट आवळायचा आणि मग गिअर फिरवून पट्टी बाहेर काढायची. कागदावर दात्यांच्या घड्या स्वच्छ उमटायला हव्यात, पण कागद कुठं फाटता कामा नये. फाटला तर गिअर फार जवळ आलेत, ते रडत फिरणार. घड्या पुसट आल्या तर फार लांब, ते खडखडणार. माझ्या लीड स्क्रूला इंचाला चार आटे, त्यामुळे आठ आटे पाडायचे तर वीस आणि चाळीस दात्यांची जोडी पुरते. मेट्रिक आट्यांना मात्र १२७ दात्यांचा गिअर लागतो. इंचात २५.४ मिलिमीटर, त्याची पाचपट १२७, आणि ही संख्या आणखी फुटत नाही. दोन मिलिमीटरचा आटा पाडायला चाळीसवर १२७ लावायचा. हा मोठा गिअर जुन्या लेथबरोबर असला तर तो सांभाळावा, बाकीचे मिळतात.

वायरमन आला तेव्हा त्याला रिव्हर्सचा स्विच लावू दिला नाही. थ्री फेजची मोटर उलटी फिरवणं सोपं, दोन फेज अदलाबदल केल्या की झालं. पण या स्पिंडलवर चक आट्यांनी बसलेला आहे. उलट्या फिरण्यात कापताना जोर आला किंवा अचानक थांबवलं तर चक सुटून पायावर येतो. मोटरची दिशा एकदा तपासून घेतली आणि जोडणी कायमची पक्की करून टाकली. पट्ट्याला जाळी त्याच दिवशी बसवली. पट्टा दिसायला मवाळ असतो, पण सदऱ्याची बाही धरली तर माणूस ओढून नेतो.

पहिले दोन तास मशीन मोकळंच चालवलं, सुरुवातीला २४० वर, मग वर चढवत ५४० वर. मधून मधून बुशांवर हात ठेवत होतो. कोमट झाले, त्यापुढे गेले नाहीत.

पहिला जॉब आला तो चरकाच्या शाफ्टचा, पलूसकडच्या एका गुऱ्हाळावरून. बेअरिंगची जागा झिजलेली, वेल्डिंगनं भरून आणलेली, शेजारी चावीची खाच. वेल्डिंगचा वरचा थर असा असतो की टूल मऊ धातूत चालता चालता एकदम कडक गुठळीवर आदळतं. ६० फेऱ्यांवर लावला. दुसऱ्या कटला तेच झालं. टूल गुठळीत रुतलं, वरून पट्ट्याचा चीं आवाज आला आणि स्पिंडल उभा राहिला. मोटर आपली फिरतेय, काउंटरशाफ्ट फिरतोय, पट्टा पुलीवर घसरतोय. मी मोटर बंद केली, टूल मागे घेतलं. टूलचं टोक शाबूत, शाफ्ट सेंटरमधून हललेला नाही, गिअरचा एकही दाता दुखावलेला नाही. मघाशी शहाणपण म्हणालो ते हे. सगळी साखळी कडक जोडली असती तर त्या क्षणी तिच्यातला सर्वांत नाजूक भाग तुटला असता. इथं पट्ट्यानं हात सोडला, म्हणून बाकी सगळं वाचलं. बॅक गिअर लागलेला असताना पट्टा उशिरा घसरतो, तेव्हा पट्टा हवा त्यापेक्षा ताणलेला असता तर तोही घसरला नसता.

गुठळी हँड ग्राइंडरनं उतरवली, कट थोडा कमी केला आणि शाफ्ट मापात आणला. गुऱ्हाळवाले संध्याकाळी घेऊन गेले, दुसऱ्या दिवशी आधण ठेवायचं होतं त्यांना. त्यानंतर नवा पट्टा, नव्या चामड्याप्रमाणे, थोडा सैल पडला. वादी उसवली, एका टोकाचा अर्धा इंच कापला, भोकं नव्यानं पाडली आणि पुन्हा शिवला. या वेळी तात्या आले नव्हते. दुसऱ्या दिवशी आले तेव्हा त्यांनी जाळी उघडायला लावली, जोडावरून अंगठा फिरवला आणि वादीचं एक टोक जास्त लांब ठेवलंय म्हणून ते कापायला लावलं.